विमान उतरले, पण आमची टोपली चढली का?



विमानतळ हा आपला विषय नव्हे, असे तुम्हांला वाटत असेल. विमानात बसणारे वेगळे आणि बांधावर उभे राहून आभाळाकडे पाहणारे आपण वेगळे, अशी आपली जुनी समजूत आहे. पण ज्या सड्यावर विमान उतरते, तो सडा कोणाचा होता? तेथे गुरे कोणाची चरत होती? काजू कोण वेचीत होते? जमीन आपली जाते, म्हणून विषयही आपलाच आहे. या विषयाचा हिशेब मागायला आपण आता शिकले पाहिजे.

हिशेबासाठी फार दूर जायला नको. तेरेखोलच्या पलीकडे, वेंगुर्ले तालुक्यात, चिपी-परुळ्याच्या सड्यावर सिंधुदुर्गाचे विमानतळ आहे. धावपट्टी अडीच हजार मीटर लांब. दि. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे थाटात उद्घाटन झाले. व्यासपीठावर मुख्यमंत्री होते, केंद्राचे मंत्री होते, आणि या विमानतळाचे श्रेय कोणाचे यावरून तेथेच शब्दाला शब्द लागला. त्या दिवसापासून अलायन्स एअर कंपनीचे सत्तरेक जागांचे पंख्याचे विमान मुंबईहून येऊ लागले. अडीच हजारांच्या आसपास तिकीट, तासा-दीड तासाचा प्रवास. लोक हरखून गेले, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२४ मध्ये हीच मुंबईची सेवा बंद पडली. धावपट्टी होती तेथेच होती, इमारत होती, मनोरा होता. फक्त मुंबईचे विमान नव्हते. घर बांधले, चूल बांधली, आणि सरपण संपले, तशी ही गत.

हे असे का झाले, ते नीट समजून घ्या. ही सेवा ‘उडान’ योजनेखाली होती. ही योजना केंद्र सरकारने २०१६ साली आखली आणि तिचे पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून दिल्लीला उडाले. योजनेचा मंत्र साधा आहे. लहान गावाला जाणाऱ्या विमानातील साधारण निम्म्या जागा ठरावीक स्वस्त दराने विकायच्या आणि कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची. या तुटीचे ऐंशी टक्के केंद्र देते आणि वीस टक्के राज्य देते. केंद्राचा वाटाही आभाळातून पडत नाही. मोठ्या मार्गांवरील विमानांवर बसविलेल्या आकारणीतून तो येतो. पण ही भरपाई तीनच वर्षे मिळते. तीन वर्षांत मार्ग आपल्या पायांवर उभा राहील, ही अपेक्षा. चिपीचे गणित मांडून पाहा. ऑक्टोबर २०२१ अधिक तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२४. मुदत भरली आणि विमान थांबले.

कोणी सांगेल की २०२४ सालीच फ्लाय नाइन्टी-वन या आपल्या गोव्यातल्या कंपनीने चिपीहून हैदराबाद, बंगळूर आणि पुणे अशी छोटी विमाने सुरू केली. ते खरे आहे आणि चांगलेही आहे. मुंबईचे विमानही आज ना उद्या कोणीतरी चालवील. पण तूट भरली तर विमान, तूट थांबली की विमान नाही, अशा सेवेवर कोणी आपला धंदा उभारील काय? बर्फाचा कारखानदार, मासळीचा व्यापारी, आंब्याचा बागायतदार, कोणीही पाच-दहा वर्षांचा विचार करून पैसे घालतो. तीन वर्षांच्या पाहुण्याच्या भरवशावर कोणी कोठार बांधत नाही.

आता आपल्या टोपलीकडे येऊ. विमानतळ झाले की तुमची मासळी सकाळी जाळ्यात आणि दुपारी मुंबईत, हे गाजर प्रत्येक भाषणात दाखवले जाते. पण सत्तरेक जागांचे विमान माणसांनी आणि त्यांच्या बॅगांनी भरले की मालासाठी जागा उरते ती थोडकीच. त्यातून ओली मासळी. खारे पाणी विमानाच्या पोटात गळले तर धातू गंजतो, म्हणून कंपन्या ती सहजासहजी घेत नाहीत. गळणार नाही अशी बांधलेली पेटी, योग्य तेवढा बर्फ, वजन-तपासणी, आणि विमान दोन तास उशिरा आले तर पेट्या ठेवायला थंड खोली, एवढे सारे जमिनीवर असेल तर माल वर जातो. चिपीला सुरुवातीची वर्षे रात्री विमान उतरण्याची सोय नव्हती. पावसाळ्यात ढग सड्यावर टेकले की उड्डाण रद्द. मासळीचा वेळ भरती-ओहोटी ठरवते, विमान कंपनीचे वेळापत्रक नव्हे. बांगड्याची आणि तारल्याची गोष्टच सोडा, त्यांच्या किलोमागच्या भावाला विमानाचे भाडे झेपणार नाही. झेपेल ते शेवंडीला, मोठ्या कोळंबीला, फार तर चांगल्या सुरमईला आणि पापलेटला.

हापूसचेही तसेच. अमेरिकेने २००७ साली आपल्या आंब्याला दार उघडले, पण अट घातली की फळावर विकिरणाची प्रक्रिया झालीच पाहिजे. ती सोय लासलगावला झाली, नंतर वाशीला झाली. म्हणजे देवगडच्या बागायतदाराच्या दारात विमानतळ असो वा नसो, अमेरिकेची पेटी आधी ट्रकने घाट नाहीतर महामार्ग धरणार. प्रक्रियेचे केंद्र, तपासनीस, शीतगृह या गोष्टी जेथे, तेथूनच माल उडतो. नुसती धावपट्टी म्हणजे बैलाशिवाय गाडी.

याची उलट बाजू पाहायची तर जरा माळव्यात चला. बाबासाहेबांचे जन्मगाव महू ओलांडून मुंबई-आग्रा रस्त्याने घाटाकडे निघाले की इंदूर जिल्ह्यातले मानपूर लागते. तेथे विमानतळ नाही आणि कोणी मागतही नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरवर इंदूरला होळकर संस्थानच्या काळापासूनचे विमानतळ आहे, आज अहिल्यादेवींचे नाव मिरवणारे. त्या शहराचा व्यापार वाढला तसे ते वाढत गेले आणि २०१९ साली तेथून थेट दुबईचे विमान सुटले. मानपूरच्या बाजूचा बटाटा काही विमानाने जात नाही; तो ट्रकने मंडीत जातो. पण तेथल्या माणसाला विमान हवे असेल तर मोठा रस्ता आहे, आणि रस्त्याच्या टोकाला चालते विमानतळ आहे. गावाच्या दारात बंद इमारत असण्यापेक्षा दीड तासावर चालती सेवा असणे कितीतरी बरे.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. दि. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. तेथली धावपट्टी साडेतीन हजार मीटरची. आभाळातून मोजले तर मोपा आणि चिपी यांच्यात पन्नास किलोमीटरचेही अंतर नाही. मध्ये राज्याची एक रेघ आहे. १६ जानेवारी १९६७ च्या कौलाने ती रेघ राहिली. तो वाद येथे उकरायचा नाही. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना तोच समुद्र, तीच मासळी, तोच काजू आहे, आणि दोन सरकारांनी एकमेकांना न विचारता दोन विमानतळे मांडली. एकाने दुसऱ्याचे प्रवासी ओढावेत, हे ओघानेच आले. दोन्हीकडे सडे गेले ते मात्र शेतकऱ्यांचे.

दाबोळीचेही मूळ आठवा. पोर्तुगिजांनी ते १९५५ साली बांधले ते रापणकाराची मासळी पोचावी म्हणून नव्हे. भारताने आर्थिक कोंडी केली होती, राजवटीला बाहेर जायला एक दार हवे होते. परकी राजवटीने तसे केले, यात नवल नाही. आपल्या मतांवर निवडून आलेल्या सरकारांनी तरी निराळा हिशेब मांडायला हवा होता.

याचा अर्थ विमानतळ नकोत असा नाही. अडलेल्या रुग्णाला, परदेशी जहाजावर जाणाऱ्या आपल्या मुलाला, चतुर्थीला घरी येणाऱ्या चाकरमान्याला विमान हवेच. हॉटेलवाल्यालाही हवे. पण ‘शेतकऱ्याच्या आणि मच्छीमाराच्या भल्यासाठी’ असे म्हणून जमीन मागितली असेल, तर ते भले किलोत आणि रुपयांत दाखवा.

म्हणून ग्रामसभेत पुढच्या वेळी कोणी नकाशा घेऊन आला तर चार प्रश्न विचारा. भरपाईची तीन वर्षे संपल्यावर विमान कोण चालवील, आणि ते लेखी आहे काय? मासळी आणि फळे ठेवायला थंड खोली धावपट्टीबरोबरच होणार की ‘दुसऱ्या टप्प्यात’? बंदरापासून विमानतळापर्यंत मालाचा टेम्पो पोचेल असा रस्ता आहे काय? आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या सहकारी सोसायटीला माल पाठविण्यात वाटा मिळणार की तेथेही दलालच बसणार?

२०२० साली सुरू झालेल्या ‘कृषी उडान’ योजनेचे नाव तुम्हांला ऐकवतील. तिच्या २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीचा भर ईशान्येकडील, डोंगरी आणि आदिवासी मुलखावर आहे. कोकण-गोव्याचा माल तिच्यात कोठे बसतो, तेही लेखी मागा.

उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. सातबारावरचे नाव एकदा पुसले गेले की विमान आले काय आणि न आले काय, सडा परत मिळत नाही.