उतरवायला थांबलेली गाडी

इंग्लंडात खासगी आवारात गाडी क्षणभर थांबवली आणि काही दिवसांनी कॅमेऱ्यातल्या फोटोसह 100 पौंडांची नोटीस दारात पडली, की आपली बरीच माणसं मुकाट पैसे भरतात. लवकर भरलं तर रक्कम कमी होते, शिवाय कोर्टाची पायरी नको. माझं आग्रहाचं सांगणं आहे, गाडी माणसाला उतरवायला थांबली असेल तर लगेच भरू नका.

ही नोटीस पोलिसांची नसते, कौन्सिलचीही नसते. फलकावरच्या अटी तुम्ही मान्य केल्या आणि मोडल्या, एवढाच खासगी कंपनीचा दावा. 2015 साली चेम्सफर्डच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 85 पौंडांची अशी आकारणी वैध ठरवली. कंपन्या त्या निकालाचा धाक घालतात. पण तिथे दुकानांसमोर दोन तास फुकट होते आणि चालक वर 56 मिनिटं राहिला होता.

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या काऊंटी न्यायालयात वेगळंच अपील आलं. एका रहिवासी बाईने जड टेबल घरात न्यायला इमारतीच्या दाराशी गाडी लावली होती. न्यायाधीश चार्ल्स हॅरिस यांनी तिच्या बाजूने कौल दिला. गाडी पार्क केली की नुसती थांबवली, हे त्या त्या प्रसंगावरून ठरतं, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाड्याही पार्क केलेल्याच म्हणाव्या लागतील. अशक्त माणसाला आत पोचवण्याचं उदाहरणही त्या निकालात आहे. हा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरी त्याचं वजन आहे.

मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की न्यायालयाने घड्याळाआधी माणसाची गरज पाहिली. नागपूरहून लेकीकडे आलेल्या आजींचे गुडघे धरलेले असतात. पट्टा सोडायचा, काठी शोधायची, एक पाय खाली टेकवायचा, मग दुसरा. याला पार्किंग कसं म्हणायचं?

‘इथे थांबू नये’ असा फलक असेल तर मामला निराळा, पण तिथेही वाद घालता येतो. हाय विकम्बच्या न्यायालयात 2016 मध्येच ठरलं, की नुसती मनाई करणारा फलक चालकाला काहीच देऊ करत नाही, त्यामुळे करारच होत नाही.

तेव्हा आधी कंपनीकडे वेळ नोंदलेले सगळे फोटो मागा, फलकाचा फोटो स्वतः काढा, मुदतीत लेखी हरकत घ्या. आणि न्यायालयाचे कागद आले तर ते मात्र बाजूला ठेवू नका. उत्तर न दिल्यास तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो.