कचरा कोणाचा, पट्टी कोणाची?

मुंबई महानगरपालिकेने २०२५ सालच्या एप्रिलात घनकचऱ्याविषयीच्या उपविधींचा जो मसुदा लोकांपुढे ठेविला, त्यात घरोघरचा कचरा उचलण्याबद्दल दरमहा शुल्क घेण्याची सूचना होती. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घरास १०० रुपये, त्यावरील ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घरास ५०० रुपये आणि त्याहून मोठ्या घरास १००० रुपये, असे ते कोष्टक होते. या सूचनेवर पुष्कळ ओरड झाली. त्या ओरडीतील एक भाग ‘पैसे मुळीच द्यावयाचे नाहीत’ या जातीचा होता, व त्यात सूर मिळविण्याची आमची इच्छा नाही. शहर स्वच्छ राहावे असे ज्यास वाटते, त्याने त्याचा खर्च सोसण्यास तयार असले पाहिजे. आमचा आक्षेप निराळा आहे. कचऱ्याचे शुल्क ठरविताना घराची जमीन मोजली, पण कचरा मोजला नाही, हे आम्हांस मान्य नाही. आणि ही चूक एकट्या मुंबईची नसून आपल्या बहुतेक शहरांची आहे, म्हणूनच तिचा विचार करणे अगत्याचे वाटते.

कर आणि शुल्क या दोन गोष्टी भिन्न आहेत. कर हा ऐपत पाहून घ्यावयाचा असतो. मोठ्या वाड्याच्या मालकाने घरपट्टी अधिक द्यावी हे न्याय्यच आहे, आणि तो ती देतोही. शुल्क हा मात्र घेतलेल्या सेवेचा मोबदला होय. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या घनकचरा नियमांत स्थानिक संस्थांनी कचरा निर्माण करणारांकडून असे शुल्क घ्यावे, असे सांगितले होते. परंतु शुल्क म्हणावयाचे आणि आकारणी मात्र घरपट्टीच्या मापाने करावयाची, हा एकाच मालावर दोनदा वसुली करण्याचा प्रकार झाला. जकातीच्या नाक्यावर माल तोलून किंवा त्याची किंमत पाहून जकात घेत असत; व्यापाऱ्याच्या दुकानाची लांबीरुंदी मोजून जकात मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विजेचे देयक घरातील खोल्या मोजून आले, तर ते कोणता गृहस्थ मुकाट्याने भरील?

या रीतीचा परिणाम काय होतो तो पाहा. एका मजल्यावर दोन घरे आहेत. एकात एक वृद्ध विधवा राहते. ती भाजीची देठे-साले गॅलरीतील कुंडीत जिरविते, वर्तमानपत्रे व डबे-बाटल्या रद्दीवाल्यास देते, आणि आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी मूठभर केर बाहेर ठेविते. शेजारच्या घरात रोज बाहेरून जेवण येते. त्याचे डबे, पिशव्या, उष्टे व काचेचे तुकडे एकाच बादलीत कोंबून ती बादली रोज भरून वाहते. दोन्ही घरे सारख्याच क्षेत्रफळाची, म्हणून दोघांस पट्टी सारखीच! बाजारपेठेतही हेच चालते. कापडाच्या दुकानातून पुठ्ठे व कागद निघतात, आणि त्यांस गिऱ्हाईक असते. शेजारच्या खाणावळीतून रोज नासके अन्न पिंपाने निघते. दोघांस जागेच्या मापाने एकच दर लाविला, तर काटकसरी माणूस उधळ्या शेजाऱ्याचे बिल भरतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि काटकसरीचे फळ पदरात पडत नाही असे दिसले, म्हणजे माणूस काटकसर करणे सोडून देतो.

यात केवळ चार पैशांचा प्रश्न नाही. शहराच्या वेशीबाहेर जाणारा कचरा कोणाच्या तरी दारातच पडत असतो. मुंबईचा कचरा देवनार येथे १९२७ सालापासून पडत आला. २०१६ सालच्या जानेवारीत त्या ढिगास लागलेल्या आगीचा धूर दिवसचे दिवस शहरावर पसरला होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला, आणि तेथील ग्रामस्थांस आपले पाणी व हवा वाचविण्यासाठी पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. ज्या घरातून कचरा कमी निघतो, ते घर गाडीचे इंधन वाचविते, डेपोची जागा वाचविते आणि त्या गावकऱ्यांचा श्वास वाचविते. अशा घरास दरात सवलत देणे ही मेहेरबानी नव्हे. त्याने वाचविलेल्या खर्चातील तो त्याचा वाटा आहे.

ही गोष्ट अव्यवहार्य आहे असे म्हणणारांनी इतर शहरांकडे पाहावे. तैपेई शहरात पूर्वी कचऱ्याची आकारणी पाणीपट्टीबरोबर, पाण्याच्या वापरावरून होत असे. म्हणजे जो अधिक धुई त्यास कचऱ्याचा भुर्दंड अधिक! २००० सालच्या जुलैपासून तेथे नगरपालिकेच्या ठरीव पिशव्यांतूनच उरलेला केर घेण्यास प्रारंभ झाला. पिशवीच्या किमतीतच शुल्क आले, आणि पुन्हा उपयोगी पडणारा माल निराळा करून दिल्यास त्याबद्दल काही पडेनासे झाले. दक्षिण कोरियाने १९९५ साली हीच पद्धत देशभर चालू केली, आणि २०१३ साली अन्नाच्या कचऱ्यासही मापाप्रमाणे आकार लाविला. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात १९९३ पासून शुल्काची पिशवी आहे. ज्यास पैसे वाचवावयाचे, तो पिशवी उशिरा भरू देतो; त्यासाठी उपदेशाची पत्रके वाटावी लागत नाहीत.

या पद्धतीवर जे आक्षेप येतात, ते मात्र आम्ही हलके समजत नाही. पहिला असा की, शुल्क वाचविण्यासाठी लोक रात्री ओढ्यात व कोपऱ्यावर केर टाकतील. हे भय खरे आहे, आणि म्हणूनच बंदोबस्त व दंड यांवाचून ही योजना चालणार नाही. परंतु सरसकट शुल्क असतानाही आमचे ओढे काही निर्मळ वाहत नाहीत! दुसरा आक्षेप गरिबांचा. दहा माणसांच्या खोलीतून केर अधिक निघेल, मग गरिबानेच अधिक द्यावयाचे काय? यास उत्तर असे की, चाळी व वस्त्या यांचे माप घरागणिक न घेता समुदायाचे घ्यावे आणि तेथील दर मुळातच अल्प ठेवावा. ज्या घरी तान्हे मूल अथवा अंथरुणास खिळलेला रोगी आहे, त्या घराचा केर वाढतो तो चैनीने नव्हे. अशा घरांस वाढीव आकारातून वगळलेच पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि तो सवलत मागणारांच्या ध्यानात बहुधा येत नाही. केर थोडा असला तरी तो नेणाऱ्या बाईस जिना तितकाच चढावा लागतो. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली व २००८ साली तिचा महानगरपालिकेशी करार झाला. घराघरांतून मिळणारे मासिक शुल्क आणि वेचलेल्या मालाची विक्री, यांवर या कष्टकरी स्त्रियांचा संसार चालतो. आमची सवलत जर त्यांच्या पदरातून कापली जाणार असेल, तर ती आम्हांस नको. गाडगेमहाराजांच्या तसबिरीस हार घालावयाचा आणि हाती खराटा धरणारणीची मजुरी तोडावयाची, असला दुटप्पीपणा सुधारणेच्या नावाखाली खपणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शुल्काचे दोन भाग करावे. पहिला भाग दारी येण्याचा. तो लहान असावा, एका दर्जाच्या सर्व घरांस सारखा असावा, आणि तो पूर्णपणे केर नेणाऱ्याच्या वेतनाकडे जावा. त्यात सवलत कोणासही नको. दुसरा भाग वाहतूक व विल्हेवाट यांचा. तो मात्र केवळ मिश्र व उरलेल्या केरावर, बादलीच्या अथवा शिक्क्याच्या पिशवीच्या मापाने घ्यावा. ओला व सुका माल निराळा देणाऱ्यास हा दुसरा भाग नाममात्र पडेल, आणि ओला कचरा घरीच जिरविणाऱ्यास बहुतेक पडणारच नाही. घरागणिक तराजू नेण्याचे यात कारण नाही; कोणत्या दारी किती पिशव्या मिळतात हे रोज जाणाऱ्या बाईइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असते?

पुणे महानगरपालिकेने गांडूळखत, सौरशक्ती व पावसाच्या पाण्याचा संचय यांपैकी एक योजना करणारास मालमत्ता करात ५ टक्के व दोन करणारास १० टक्के सूट ठेविली, हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु ती सूट मालकास मिळते, भाडेकरूस नाही. आणि खताचा खड्डा बांधला आहे एवढ्यावर ती मिळत राहिली, तर खड्डा चालतो की नाही हे पाहण्याचे कारण उरत नाही. बक्षीस खड्ड्यास नको, न निघालेल्या कचऱ्यास हवे.

नगरसेवकांनी ही योजना प्रथम एकाच प्रभागात वर्षभर करून पाहावी, आणि कचरा किती घटला व कामगारांस काय मिळाले याचा हिशेब प्रसिद्ध करावा. आमच्या व्यापारी वाचकांस तर अधिक सांगणे नलगे. ज्याने माल नेला नाही, त्याच्याकडून मालाची हमाली घ्यावयाची नाही, हा धर्म ते आपल्या वहीत रोज पाळतात. तोच नगरपालिकेच्या वहीत उतरावा, एवढेच आमचे मागणे आहे.