विश्लेषण : खेळाचे नियम कुणाच्या मालकीचे? अहिराणीत ॲप काढता येईल?

जळगाव-धुळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या नियमांवर अहिराणी ॲप तयार करायचे असेल, तर अमेरिकी कंपनीची वेगळी परवानगी लागेल का? आता लागणार नाही. पण काही अटी आहेत.

हा खेळ कोणता?
१९७४ मध्ये अमेरिकेत आलेल्या या खेळात प्रत्येक जण एक पात्र वठवतो, एक जण गोष्ट पुढे नेतो आणि वार लागला की चुकला, हे फासा ठरवतो.

वाद काय झाला?
'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने २००० पासून मूळ नियम खुल्या परवान्याखाली दिले होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याजागी जाचक परवाना आणण्याचा मसुदा फुटला आणि खेळाडू, छोटे प्रकाशक संतापले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेत सुमारे ४०० पानांचा नियमसंच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुला केला. अटी पाळणाऱ्यांकडून तो आता परत घेता येत नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?
कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो. खेळण्याच्या पद्धतीला पेटंटही मिळत नाही. 'स्क्रॅबल'सारख्या 'स्क्रॅब्युलस' या ऑनलाइन खेळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही. मात्र मिळतेजुळते नाव वापरण्यास मनाई केली.

मग परवाना कशाला?
'फासा टाका, बेरीज करा' हा नियम मोकळाच आहे. पण मंत्रांची, राक्षसांची शेकडो वर्णने हा लिहिलेला मजकूर आहे. त्याचा अनुवाद करण्याचा हक्कही मूळ मालकाचाच. खुल्या परवान्यामुळे अनुवाद करता येतो, ॲप विकताही येते.

कोणती काळजी घ्यावी?
ॲपमध्ये मूळ श्रेय, परवान्याचा दुवा आणि केलेले बदल नोंदवावेत. नियमसंचाबाहेरची पुस्तके, चित्रे व बोधचिन्ह वापरू नये. ॲपच्या कोडसाठी वेगळा सॉफ्टवेअर परवाना निवडावा. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' संस्थाही हाच सल्ला देते.

खान्देशी साहित्य वापरता येईल?
बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशनानंतरची ६० वर्षांची मुदत २०१२ अखेर संपली. त्यामुळे त्या आवृत्तीतील गाणी कुणाच्याही परवान्याविना घेता येतात. नियम परदेशी असले, तरी खेळातले गाव आणि बोली आपली ठेवायला कायद्याची आडकाठी नाही.