चिकट गोंद आणि चरे : आधी पृष्ठभाग ओळखावा

धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया किंवा घरातील लग्नकार्य, हे नवे उपकरण घरात येण्याचे ठरलेले प्रसंग. फ्रिज, मिक्सर किंवा काचेची शेगडी आली, की पहिल्याच दिवशी तिच्यावरची लेबले काढण्याची घाई होते. कागदाचा वरचा पापुद्रा निघतो, खालचा गोंद मात्र तसाच राहतो. मग कुणी तारेची घासणी घेते, कुणी सुरीचे टोक, तर कुणी रॉकेलचा बोळा. गोंद जातो, पण त्याच्या जागी कायमचा चरा उमटतो. नव्या वस्तूवरचा पहिला ओरखडा अनेकदा असा साफसफाईतूनच पडलेला असतो.

म्हणून गोंद काढताना किंवा चरा बुजवताना उपाय कोणता, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पृष्ठभाग कोणता. स्टीलला जे मानवते ते प्लॅस्टिकला मानवत नाही आणि काचेचे नियम तर अगदीच वेगळे.

गोंद पाण्याने का निघत नाही?

आपोआप चिकटणारी लेबले अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी 1935 साली बाजारात आणली. त्यांचा गोंद खळीसारखा वाळून घट्ट होत नाही. तो कायम किंचित ओलसर, चिकट राहतो आणि नुसत्या दाबाने धरून ठेवतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून कितीही पाणी ओतले तरी व्यर्थ. उष्णतेने मात्र तो मऊ होतो आणि तेलाने सुटतो. उन्हात किंवा शेगडीजवळ महिनोन्महिने राहिलेला गोंद कडक होऊन कुरकुरीत बनतो. तो काढणे अधिक कष्टाचे. शिवाय उघड्या गोंदावर धूळ व ओशट थर साचतो आणि चिलटांसारखे सूक्ष्म जीव त्यावर अडकून मरतात. तेव्हा अर्धवट निघालेले लेबल तसेच सोडू नये.

स्टीलच्या ताटा-पातेल्यांबाबत घरोघरी चालत आलेली युक्ती योग्यच आहे. लेबल वरच्या बाजूस ठेवून भांडे मंद आचेवर काही क्षण धरावे आणि लेबलाचे टोक हळूच उचलावे. गोंदासकट ते अखंड निघते. उपकरणाला आच दाखवता येत नाही, तेथे हेअर ड्रायर वापरावा. प्रथम वीजजोडणी बंद करून प्लग काढावा. गरम हवा एका जागी न रोखता अर्धा ते एक मिनिट फिरवत ठेवावी आणि लेबल सरळ वर न ओढता मागे दुमडून, पृष्ठभागाला लागून सावकाश सोलावे. टोक उचलण्यासाठी जुने एटीएम कार्ड पुरते, सुरी नको.

मागे राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेलाचा कापडी बोळा पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. नंतर मऊ कापडाने गोल पुसून भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी लावावे. मिक्सरच्या हवेच्या फटींत तेल जाणार नाही याची काळजी घ्यावी. स्टील व काचेवर थोडा अंश उरला, तर कापसावर स्पिरिट घेऊन पुसावे. स्पिरिट चटकन पेटते. त्या वेळी शेगडी बंद आणि खिडकी उघडी असावी.

प्लॅस्टिकला जपावे

सर्वाधिक नुकसान होते ते प्लॅस्टिकचे. नेलपॉलिश रिमूव्हरमधील ॲसिटोन अनेक प्लॅस्टिके विरघळवतो. चकचकीत भाग क्षणात पांढरट व खडबडीत होतो. मिक्सरच्या पारदर्शक झाकणावर स्पिरिटनेही बारीक तडे जाऊ शकतात. संत्र्याच्या सालीचे तेल गोंदावर गुणकारी, परंतु तेच तेल थर्माकोलला विरघळवते, आणि अनेक फ्रिजांचे आतले अस्तर थर्माकोलच्याच जातीच्या प्लॅस्टिकचे असते. त्यामुळे फ्रिजच्या आतील बाजूस कोमट साबणपाणी आणि धीर, एवढेच वापरावे. फ्रीजरमध्ये तर टोकदार वस्तू कधीही घालू नये. त्याच्या भिंतीत शीतवायूची नळी असू शकते आणि आजच्या अनेक फ्रिजांतील तो वायू ज्वलनशील असतो.

काही लेबले मात्र काढूच नयेत. मॉडेल व अनुक्रमांक असलेली पट्टी वॉरंटीच्या वेळी लागते. विजेच्या धोक्याची सूचनाही जागेवरच असावी.

चरा कुठवर गेला आहे?

चऱ्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही, तर चरा वरवरचा. अडकले, तर खोल.

रेघा असलेल्या, मंद चमकेच्या स्टीलवरील वरवरचा चरा घरी कमी करता येतो. स्टीलच्या रेघा कोणत्या दिशेने आहेत हे उजेडात पाहावे आणि त्याच दिशेने, 600 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. आडवा किंवा गोल हात फिरला, की नवे चरे पडतात. आरशासारख्या चकचकीत स्टीलवर हा प्रयोग करू नये. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून काही फ्रिजांच्या दारांवर पारदर्शक लेप असतो, तर काही दारे स्टीलसारखी दिसणारी, पण रंगवलेल्या पत्र्याची असतात. तेथेही घासू नये. साध्या लोखंडी तारेची घासणी सर्वत्र वर्ज्य. तिचे कण स्टीलवर राहतात आणि गंजतात. दोष मात्र स्टीलला लागतो.

रंगवलेल्या पत्र्यावर चरा वरवरचा असेल, तर मोटारीचे पॉलिश मऊ कापडाने लावल्यास तो बराच फिका पडतो. आतला पत्रा दिसू लागला असेल, तर प्रश्न केवळ देखणेपणाचा नसतो. ओलावा तेथून आत शिरतो आणि गंज रंगाखाली पसरतो. मुंबई व कोकणच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने होते. अशा वेळी गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा, जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि जुळणारा रंग बारीक कुंचल्याने दोन-तीन पातळ थरांत द्यावा. प्रत्येक थर वाळू द्यावा. एकच जाड थर ओघळतो आणि चऱ्यापेक्षा अधिक दिसतो.

जेथे दुरुस्ती करूच नये

शेगडीची काच उष्णतेने कठीण केलेली असते. तिच्या वरच्या थरात दाब कोंडलेला असतो आणि त्यातच तिचे बळ असते. खोल चरा त्या थरापार गेला, तर काच एकाएकी फुटून तिचे शेकडो तुकडे होतात. असा चरा घासून किंवा भरून बरा होत नाही. काच बदलणे हाच उपाय. इंडक्शन शेगडीच्या काचेला तडा गेल्यास ती त्याच क्षणी बंद करावी, कारण सांडलेले पाणी तड्यातून विजेच्या भागापर्यंत पोहोचते.

नॉनस्टिक तव्यावरचा किंवा सँडविच टोस्टरमधला लेपही घरी दुरुस्त होत नाही. त्याचे पापुद्रे निघू लागले, की ती वस्तू अन्नासाठी वापरणे थांबवावे.

दुकानाच्या गल्ल्यावरून

भांडी व उपकरणांचा व्यापार असलेल्या कुटुंबांसाठी हा विषय घरापुरता नाही. किमतीचे लेबल वस्तूच्या दर्शनी भागावर न लावता खोक्यावर किंवा तळाशी लावावे. काचेच्या कपाटात उन्हात राहणाऱ्या नगांची लेबले वेळोवेळी बदलावीत. दोन उन्हाळे गेल्यावर तीच लेबले काढताना माल खराब होतो.

मांडणीतल्या नगाला चरा पडला आणि तो कुशलतेने झाकला, तरी तो नग नवा होत नाही. चरा दाखवून, किंमत कमी करून, बिलावर तसे लिहून तो विकावा. पॉलिशची चमक दोन-चार महिन्यांत उतरते आणि खालचा चरा पुन्हा दिसू लागतो. त्या दिवशी गिऱ्हाईक वस्तू कुणी बनवली हे आठवत नाही. ती कुणी विकली हे आठवते. दाखवून विकलेल्या चऱ्याची तक्रार घेऊन सहसा कुणी परत येत नाही, पुढच्या खरेदीसाठी मात्र येते.