गुरुवारची सुट्टी, रविवारचं घर

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. सगळीकडचे कारखाने एकाच वारी बंद राहू नयेत, विजेचा भार आठवडाभर वाटला जावा, म्हणून विभागवार सुट्ट्या लागल्या आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला.

मी भोसरीत सीएनसी मशिनवर काम करतो, राहतो चिंचवडगावात. गुरुवारी सकाळी मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळ, पवनेच्या घाटावर जाऊन बसतो. कुणाशी बोलायचं नाही. मशिनचा आवाज कानातून उतरायला तासभर तरी लागतोच. हा एकांत मला हवा असतो. तो कुणी काढून घेतला तर मी भांडेन. घरी आल्यावर बिघडलेला मिक्सर नाहीतर टेबलफॅन उघडून बसतो, त्यातही जीव रमतो. पण बायको कामावर, मुलगी शाळेत, शेजारच्या दारांना कुलपं. दुपारी दोननंतर घर खायला उठतं.

रविवारी सगळं उलटं. मी पाळीवर आणि घर भरलेलं. आकुर्डीहून भाऊ-वहिनी येतात, मटण शिजतं, कधी रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाटकाला जायचं ठरतं. रात्री माझ्या वाटणीचा रस्सा झाकून ठेवलेला असतो, वर चरबीचा पांढरा थर थिजलेला. तो गरम करता करता बायको दिवसभराचं सांगते. मुलगी मधेच म्हणते, ‘‘बाबा, तुम्ही नव्हता ना, तुम्हाला नाही कळायचं.’’

माणूस एकटा सुखी की चारचौघांत, हा वाद मला पटत नाही. घाटावरचा तास मी निवडलेला असतो. दुपार माझ्यावर लादलेली असते. दोन्ही वेळा मी एकटाच, पण सुख एकातच.

अशी लादलेली एकटी सुट्टी आधीही लोकांनी सोसली आहे. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये कारखाने अखंड चालावेत म्हणून कामगारांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळा सुट्टीचा दिवस दिला. नवरा-बायकोच्या सुट्ट्याही जुळेनात. घरी कुणी नसेल तर ही सुट्टी काय कामाची, अशी तक्रार लोक करू लागले. १९३१ मध्ये सगळ्यांना पुन्हा एकत्र सुट्टी द्यावी लागली, आणि १९४० मध्ये रविवारही परत आला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्या लढ्याचं मोल मला आता समजतं. सगळे एकाच वारी मोकळे असले, तरच भजनाला माणसं जमतात, सोयरिकीची बैठक होते, आजाऱ्याला भेटायला सोबत मिळते.

वेतनकराराच्या वेळी आम्ही पगारवाढ, कॅन्टीन, बस यांवर तासन् तास बोलतो. सुट्टीच्या वाराचा विषय कुणी काढत नाही. अख्खा कारखाना रविवारी बंद ठेवा, असं मी म्हणत नाही. पण पाळी आळीपाळीने लावून प्रत्येकाला महिन्यातून एक रविवार घरी देणं कोणत्याही शॉपला जमण्यासारखं आहे. पुढच्या मागणीपत्रात हे पगारवाढीच्या लगेच खाली लिहिलं गेलं पाहिजे.