घरचा संगणक : फाईल उतरली, पण गेली कुठे?

घरात संगणक एक, वापरणारे चार, आणि ‘अरे, माझी फाईल दिसत नाहीये’ ही हाक मात्र ठरलेल्या एकालाच येते. हे सदर वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आपापल्या घरातले ते ‘एक’ असणार. आजोबांचा हयातीचा दाखला, आईचं बँकेचं स्टेटमेंट, काकांनी शुल्क भरून काढलेला गावच्या जमिनीचा सातबारा, धाकट्या बहिणीचं परीक्षेचं प्रवेशपत्र. वस्तू वेगवेगळ्या, तक्रार एकच: ‘मी डाउनलोड केली होती, आता नाहीये.’

यावर साधारणपणे दोन गोष्टी होतात. एक तर तीच फाईल पुन्हा उतरवली जाते, मग त्याच नावापुढे कंसात एक, दोन, तीन अशी पिल्लं जमतात आणि खरी कोणती ते कळेनासं होतं. नाहीतर ‘संगणक भरला असेल’ म्हणून कोणीतरी उत्साहानं साफसफाईला बसतो. माझ्या पाहण्यात घरच्या फायली उतरताना फारशा जात नाहीत. त्या शोधाशोध करताना जातात. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे हात आवरायचा. काही पुसायचं नाही, काही नवीन उतरवायचं नाही, आणि जाहिरातीत दिसलेलं ‘फाईल परत मिळवून देणारं’ सॉफ्टवेअर तर मुळीच घ्यायचं नाही.

मग ब्राउझरला विचारायचं. क्रोम असो, एज असो की फायरफॉक्स, विंडोजवर कंट्रोल आणि जे ही दोन बटणं एकदम दाबली की आजवर उतरवलेल्या फायलींची यादी समोर येते. नावाशेजारी फोल्डरचं छोटं चित्र असतं. ते दाबलं की फाईल जिथे ठेवली आहे तो फोल्डरच उघडतो आणि ती फाईल निवडलेली दिसते. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

यादीत नाव खोडलेलं दिसलं, किंवा ‘डिलीटेड’ असं लिहिलेलं असलं, तरी घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की फाईल आता मूळ जागी त्या नावानं नाही. आईनं ती ओढून डेस्कटॉपवर टाकली असेल किंवा तिचं नाव बदललं असेल, तरी ब्राउझर हेच सांगतो. उलट ही यादी कोणी साफ केली असेल, तर फायली जात नाहीत, फक्त नोंद जाते.

आणि यादीत नावच नसेल तर? मग फाईल दुसऱ्या ब्राउझरनं उतरवली होती का ते बघा. एकाच क्रोममध्ये दादाचं आणि ताईचं वेगळं प्रोफाइल असेल तर दोघांच्या याद्याही वेगळ्या असतात. विंडोजमध्येच प्रत्येकाचं वेगळं खातं असेल तर डाउनलोड्स फोल्डरसुद्धा ज्याचा त्याचा निराळा, म्हणजे बाबांच्या लॉगिनमध्ये उतरवलेली फाईल तुमच्या लॉगिनमध्ये शोधून सापडणारच नाही. इन्कॉग्निटोचा प्रकार तर मजेशीर आहे. ती खिडकी बंद केली की यादीतली नोंद पुसली जाते, पण फाईल फोल्डरमध्ये तशीच राहते. काहीच मागे राहत नाही या समजुतीनं लोक तिथून बँकेची कागदपत्रं उतरवतात आणि ती सगळ्यांच्या समोर पडून असतात.

कधी फाईल मुळात उतरलेलीच नसते. पीडीएफच्या दुव्यावर टिचकी मारली की ब्राउझर ती स्वतःच्याच खिडकीत उघडून दाखवतो. आजोबांनी दाखला डोळ्यांनी पाहिला, मान डोलावली, खिडकी बंद केली. त्यांच्या लेखी तो ‘आला’. पण वर कोपऱ्यातला खाली जाणारा बाण दाबल्याशिवाय तो संगणकात ठेवला जात नाही. म्हणून मोठ्या माणसांना ‘कुठे सेव्ह केली?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ते त्यांना माहीत असतं तर हाक कशाला मारली असती? ‘आजोबा, कागद कशात दिसला होता? मेलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, की सरकारी साइटवरच?’ असं विचारा. उत्तर लगेच मिळतं, आणि निम्मा शोध तिथेच संपतो.

मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून थेट उघडलेल्या फायलींचंही असंच असतं. संगणकातल्या मेलच्या प्रोग्रॅममधून जोडपत्र सरळ उघडलं, तर त्याची एक तात्पुरती प्रत आडबाजूच्या फोल्डरमध्ये बनते. तिच्यात दोन तास बसून अर्ज भरला आणि नुसतं सेव्ह केलं, तर तो अर्ज त्या आडबाजूलाच राहतो आणि कधीतरी पुसलाही जातो. उघडल्याबरोबर आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं, नाव द्यायचं, मग भरायला घ्यायचं.

आता थोडं झिपबद्दल, कारण लग्नकार्यानंतर सगळ्यात जास्त रडारड यावरून होते. छायाचित्रकार मुंजीचे फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवतो आणि दुवा पाठवतो. तुम्ही अख्खा फोल्डर उतरवायला लावता. फोल्डर मोठा असला की ड्राइव्ह त्याचे साधारण दोन-दोन जीबीचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी झिप पाठवतं. नावाच्या शेवटी शून्य-शून्य-एक, शून्य-शून्य-दोन असे आकडे असतात. पहिली झिप उतरते, आणि दुसरीच्या वेळी ब्राउझर विचारतो की ही साइट एकापेक्षा जास्त फायली उतरवू पाहते आहे, चालेल का? हा प्रश्न वर कोपऱ्यात बारीकसा येतो. कोणाचं लक्ष जात नाही, किंवा घाईत ‘नको’ दाबलं जातं. मग पहिलीच झिप उघडून सगळे म्हणतात, ‘मातृभोजनाचे फोटो आहेत, भिक्षावळीचे नाहीत!’ आणि बिचाऱ्या छायाचित्रकाराला फोन जातो.

यात गंमत अशी की तुकडे फोटोंच्या क्रमानं पडतीलच असं नाही. एका प्रसंगाचे काही फोटो पहिल्या झिपमध्ये आणि काही तिसरीत असं सर्रास होतं, त्यामुळे ‘मधलेच फोटो उडाले’ असं वाटतं. मोठे व्हिडिओ तर कधी कधी झिपच्या बाहेर सुटेच येतात. म्हणून शेवटचा आकडा किती ते पाहायचं, मधले सगळे आले का मोजायचं, आणि ड्राइव्हवर फोल्डरमध्ये किती फायली होत्या त्याच्याशी ताळा करायचा. हे काम दुवा चालू आहे तोवर करायचं. वर्षभरानं छायाचित्रकारानं जागा रिकामी केली की आजीनं नातवाला भिक्षा वाढतानाचा तो एकच फोटो पुन्हा कुठून आणणार?

फाईल अर्धवट उतरली असेल तर तिचं नावच ते सांगतं. क्रोम आणि एजमध्ये नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ असं शेपूट लागलेलं असतं. हे शेपूट हातानं खोडून फाईल पूर्ण होत नाही. ब्राउझरच्या यादीत जाऊन ‘रिझ्यूम’ करून पाहायचं.

झिपची आणखी एक खोड. तिच्यातली फाईल आपली जुनी तारीख घेऊनच बाहेर येते. विंडोजचा डाउनलोड्स फोल्डर मात्र आजच्या, कालच्या, गेल्या आठवड्यातल्या असे तारखेप्रमाणे गट पाडून दाखवतो. त्यामुळे झिपमधल्या फायली थेट तिथेच मोकळ्या केल्या, तर आत्ता काढलेला फोटो सगळ्यात खाली ‘फार पूर्वीचे’ या गटात जाऊन बसतो. आपण वरच्या चार ओळी पाहून ‘नाही’ म्हणतो. झिपमधून काढताना तिला स्वतःचा वेगळा फोल्डर करू द्या.

नावावरून शोधायचं तर आपल्या मराठी घरांत एक जास्तीची अडचण असते. देवनागरी नावाची फाईल काही साइटवरून उतरते तेव्हा तिचं नाव टक्क्याची चिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं यांची माळ होऊन येतं. प्रत्येक मराठी वर्णाला, काना-मात्रा-अनुस्वारालासुद्धा, अशी नऊ-नऊ चिन्हं लागतात. ‘मुंज’ एवढ्याशा शब्दाची छत्तीस होतात. नावाच्या क्रमानं लावलं की अशा फायली यादीच्या अगदी सुरुवातीला सापडतील. बँका आणि सरकारी साइटही फाईलला आजोबांचं नाव देत नाहीत, नुसते आकडे देतात. तेव्हा नावाच्या नादी न लागता शोधाच्या चौकटीत फुली, टिंब आणि पीडीएफ एवढंच रोमनमध्ये लिहा आणि तारखेप्रमाणे लावा. मंडळाच्या जुन्या स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्यांच्या आतला मराठी मजकूर असा शोधून मिळणार नाही, कारण पडद्यावर मराठी दिसलं तरी आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात.

फाईल उतरल्या उतरल्याच गायब झाली असेल, तर ती अँटिव्हायरसनं बाजूला काढली असण्याची शक्यता असते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ पाहा. तिथे नाव दिसलं तर ‘आपलीच आहे’ म्हणून लगेच सोडवून आणू नका. बिल म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी ‘ईएक्सई’ असेल तर ते बिल नाही. विंडोज हे शेवटचं शेपूट एरवी लपवून ठेवतं, म्हणून एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फायलींची शेपटं दिसतील असं करून ठेवलेलं बरं.

आणि हे सगळं करूनही नसेल तर? रीसायकल बिन पाहा. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र सहसा तिथे येत नाही.

खरीखुरी पुसली जाण्याची उदाहरणंही आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फायली नाहीशा झाल्या. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते, पण काही फायली जुन्या जागी राहू दिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर रिकामा समजून अपडेटनं काढून टाकला. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. त्याच अपडेटनं साफसफाईच्या ‘डिस्क क्लीनअप’मध्ये डाउनलोड्स फोल्डरचीही एक चौकट आणली. सगळ्या चौकटींवर खुणा करायची सवय असलेल्यांचे डाउनलोड्स त्यामुळे झाडून रिकामे झाले. आजही ‘स्टोरेज सेन्स’मध्ये डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फायली ठरावीक दिवसांनी पुसण्याची सोय आहे. मुळात ती बंद असते, पण घरात कोणी चालू केली आहे का ते एकदा पाहून घ्या. वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सची प्रत ठेवतं, डाउनलोड्सची नाही.

म्हणजे संगणक बनवणाऱ्यांच्या लेखी डाउनलोड्स ही ओसरी आहे. आलेली वस्तू तिथे टेकवावी आणि मग आत न्यावी. आपल्या घरांत मात्र सातबारा, जन्मदाखला, पणजोबांच्या वहीचे स्कॅन, सगळं वर्षानुवर्षं ओसरीवरच असतं. या रविवारी अर्धा तास काढा. डॉक्युमेंट्समध्ये घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करा, त्यांच्याच हातानं कागद आत हलवायला लावा, आणि नावं त्यांच्याच भाषेत द्या: ‘आजोबा हयातीचा दाखला २०२४’. ई-आधार असेल तर तेही सांगून ठेवा की ते पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार रोमन मोठी अक्षरं आणि त्यापुढे जन्मसाल. फाईल सापडते, उघडत नाही, आणि ‘बिघडली’ म्हणून पुसली जाते, असंही होतं.

फोनमधल्या डाउनलोडची भानगड निराळी आहे. ती पुढच्या महिन्यात.