षष्ठीच्या प्रत्ययामागील स्त्री : 'मौना'च्या सिद्धान्ताविरुद्ध

अभिलेखागारात स्त्री मौन असते, हे विधान गेल्या काही दशकांत समीक्षेचे गृहीतक होऊन बसले आहे. ज्या विधानाने एके काळी वाचनाला प्रवृत्त केले, तेच आता वाचनापासून सूट देऊ लागले आहे. अठराव्या शतकातील एखाद्या अमेरिकन पूर्वज स्त्रीचा प्रश्न निघाला की 'तिचा आवाज पुसला गेला' असे म्हणायचे, पितृसत्तेचा निषेध नोंदवायचा आणि उरलेली जागा कल्पनेने भरायची, असा हा क्रम आहे. त्यात नैतिक भूमिका आहे. वाचन मात्र नाही. वस्तुतः 'मौन' ही संज्ञाच येथे गैरलागू आहे. ही स्त्री नोंदींत आहे. स्वतंत्र कर्ता म्हणून ती क्वचित येते. एरवी षष्ठीच्या प्रत्ययाला जोडून येते : अमक्याची पत्नी, तमक्याची विधवा. प्रश्न नोंदीच्या व्याकरणाचा आहे, आणि व्याकरण वाचता येते.

या व्याकरणाचा मूळ नियम कायद्यात सापडतो. इंग्लंडमधून वसाहतींत आलेल्या 'कव्हर्चर'च्या तत्त्वानुसार विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात सामावले जाई. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत नाव नोंदले गेले ते केवळ कुटुंबप्रमुखाचे. गोऱ्या पुरुषांची सोळा वर्षांवरील व सोळा वर्षांखालील अशी विभागणी झाली. गोऱ्या स्त्रियांसाठी मात्र वयाचा कोणताही भेद नसलेला एकच रकाना होता. पुरुषाचे वय राज्याला हवे होते, कारण त्यातून लष्करी व औद्योगिक बळाचा अंदाज येई. घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव शिरगणतीत येण्यास १८५० साल उजाडावे लागले. तोवर स्त्रीचे नाव त्या यादीत सामान्यतः पतीच्या मृत्यूनंतर येई. वैधव्य तिला कुटुंबप्रमुख करी. या रकान्याला 'मौन' म्हणणे म्हणजे राज्याने काय विचारले आणि काय विचारले नाही, हा खरा प्रश्नच टाळणे होय.

जेथे राज्याला किंवा बाजाराला तिची गरज पडली, तेथे तीच स्त्री नावानिशी उभी राहते. पतीच्या जमिनीत विधवेला हयातीपुरता, सामान्यतः एकतृतीयांश, हक्क असे. म्हणून जमीन विकताना पत्नीने तो हक्क सोडल्याची नोंद खरेदीदाराला हवी असे. व्हर्जिनिया, मेरिलंड यांसारख्या वसाहतींत तिला पतीपासून बाजूला घेऊन ही संमती दबावाखाली दिलेली नाही ना, असे विचारले जाई. त्या दस्तावर तिचे नाव येते, कित्येकदा सहीऐवजी केलेली निशाणीही. तिची संमती खरोखर मुक्त होती काय, हे दस्त सांगत नाही. पण ती विचारावी लागली, एवढे सांगतो.

सिद्धान्तवादी समीक्षक ज्याला भाबडा समजतात, तो हौशी वंशशोधक अशा दस्ताचे वाचन अधिक कसोशीने करतो. दहा वर्षांनंतरच्या दस्तावर पत्नीचे दुसरेच नाव दिसले, तर पहिली मधल्या काळात वारली असावी, असे अनुमान तो बांधतो; आणि पुढच्या नोंदीने ते खोडले, तर सोडूनही देतो. स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांसाठी १८३६ व १८३८ साली निवृत्तिवेतनाचे कायदे झाले, तेव्हा विवाह सिद्ध करण्यासाठी कित्येक वृद्धांनी कौटुंबिक बायबलमधील जन्म-विवाहांची पाने फाडून सरकारकडे पाठवली. घरातील संहिता सार्वजनिक पुरावा झाली ती अशी. संहितांच्या स्थलांतरावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या फाटक्या पानांची दखल क्वचितच घेतली आहे.

मेन प्रदेशातील सुईण मार्था बॅलर्ड हिने १७८५ ते १८१२ पर्यंत रोजनिशी लिहिली; तीत ८१६ बाळंतपणे नोंदली. ती वारली तेव्हा वृत्तपत्राने एका ओळीत एफ्राइम बॅलर्डची पत्नी म्हणून तिची नोंद केली. १८७० साली ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थला ही रोजनिशी बहुतांशी सर्वसामान्य स्वारस्याची वाटली नाही. वही टिकली ती वंशजांच्या घरात. १८८४ साली ती डॉक्टर झालेल्या एका पणतीच्या मुलीकडे, मेरी होबार्टकडे, आली आणि १९३० साली मेनच्या राज्य ग्रंथालयात पोहोचली. लॉरेल थॅचर उल्रिच यांचा 'अ मिडवाइफ्स टेल' हा ग्रंथ १९९० साली निघाला, तेव्हा कळले की येथे आवाजाचा अभाव कधीच नव्हता. अभाव वाचकाचा होता. उल्रिच यांनी मार्थाच्या तोंडी काही घातले नाही. 'निरर्थक' ठरलेल्या नोंदी करपट्ट्या व न्यायालयीन कागदांशेजारी ठेवून वाचल्या.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. गुलाम स्त्रीचे काय? व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने अपत्याचा दर्जा मातेवरून ठरवला. म्हणजे जेथे मातृवंश निर्णायक मानला गेला, तेथे तो मालमत्ता वाढविण्यासाठी. १८५० व १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण एवढेच असे. नाव बहुधा नसे. मृत मालकाच्या मालमत्तेच्या यादीत नाव सापडले, तर त्यापुढे किंमत लिहिलेली असते. येथे वाचनाची सीमा खरीच येते. सैदिया हार्टमन यांनी २००८ च्या 'व्हीनस इन टू अॅक्ट्स' या निबंधात या सीमेवर उभे राहून कल्पनेच्या अधिकाराचा प्रश्न विचारला, आणि तिच्या अपयशाची कबुलीही दिली. अनुयायांनी कबुली वगळून अधिकार तेवढा उचलला. हार्टमन अभिलेख वाचून संपल्यावर जेथे पोहोचल्या, तेथून ही मंडळी प्रारंभ करतात.

याचा परिणाम दूरगामी आहे. गोऱ्या शेतकऱ्याची पत्नी आणि नावाविना मोजली गेलेली गुलाम स्त्री या दोघींना 'मौन' या एकाच शब्दात बसवले की एकीवरील कायद्याचे आणि दुसरीवरील हिंसेचे वेगळेपण नाहीसे होते. पहिलीचे नाव शोधता येते, म्हणून शोधलेच पाहिजे. दुसरीचे जेथे सापडत नाही, तेथे ते कोणी, कोणत्या रकान्यात आणि कशासाठी लिहिले नाही, हे दाखवले पाहिजे. यांपैकी कोणतेही काम खरेदीखते, मृत्युपत्रे आणि करपट्ट्या उघडल्यावाचून होणारे नाही.